एमजीबी शर्यतीसाठी उभी करताना : गंजलेल्या पत्र्यापासून पहिल्या सत्रापर्यंत

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊन हौशी शर्यतीत उतरायचं असेल, तर सुरुवात एमजीबीने करावी. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या लाखांनी बाहेर पडल्या. त्यामुळे बॉडीच्या पत्र्यापासून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जवळजवळ सगळे भाग आजही नवे मिळतात. रचना सरळ आहे: पुढे १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन, मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला अखंड ॲक्सल. चांगले पाने आणि चिकाटी असेल तर घरच्या गॅरेजमध्ये सगळं खोलून पुन्हा बसवता येतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नवखा माणूस पहिल्या दिवसापासून इंजिनच्या ताकदीचा विचार करतो, पण त्याची शर्यत तेल, पाणी, ब्रेक किंवा विजेच्या तारा यांपैकी कशामुळे तरी अर्ध्यात संपते. म्हणून इथे कामाचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: नियम, बॉडी, सुरक्षा पिंजरा, सस्पेन्शन, ब्रेक आणि त्यानंतर इंजिन. पहिला मोसम नीट जुळवलेल्या, जवळजवळ मूळ इंजिनावर काढा. शिकण्यासाठी त्याहून चांगलं इंजिन नाही.

आधी नियम वाचा, मग गाडी घ्या

कुठल्या मालिकेत धावायचं यावर कुठल्या सालची गाडी घ्यायची हे ठरतं. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमावलीतल्या परिशिष्ट के प्रमाणे १९६२ ते १९६५ हा ‘पिरियड एफ’. त्या गटात धावायचं तर गाडी त्याच काळाच्या मापात असावी लागते आणि तिचा एचटीपी, म्हणजे ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट, काढावा लागतो. या जुन्या गाड्यांच्या दारांना बाहेरून ओढायची मूठ असते. पुढच्या गाड्यांना बटणाचं हँडल आलं. मूठवाल्या गाड्या महाग मिळतात.

क्लबच्या शर्यतींत, उदाहरणार्थ एमजी कार क्लबच्या बीसीव्ही८ मालिकेत, नंतरच्या गाड्याही चालतात. १९७४ च्या शेवटापासून आलेली काळ्या रबरी बंपरची गाडी स्वस्तात मिळते. ती मूळची सुमारे ३८ मिमी उंच आणि जड असते, पण तिची उंची कमी करता येते.

ब्रिटनमध्ये शर्यतीचं लायसन्स मोटरस्पोर्ट यूके देतं आणि त्याआधी मान्यताप्राप्त शाळेत एआरडीएसची (शर्यत-चालक शाळांच्या संघटनेची) परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा, त्या वर्षीची नियमावली आणि मालिकेचे स्वतंत्र नियम हे तिन्ही गाडीचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी उरका. टायर कुठले, पिंजरा कसा, कार्ब्युरेटर कुठले हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. नंतर वाचलं तर झालेलं काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

गाडी पाहायला जाताना

इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गाडी जॅकवर घ्या. बाजूच्या मूळ जॅक पॉइंटखाली जॅक लावून चाक उचला आणि त्याच बाजूचं दार उघडून बंद करून पाहा. दार अडकलं किंवा वरची फट मिटली, तर सिल आतून गेलं आहे. एमजीबीला वेगळी चॅसी नाही; गाडीचा कणा म्हणजे दाराखालची ही दोन सिलं. ती कुजली की वळणावर आख्खी गाडी पिळवटते आणि सस्पेन्शनचं कुठलंही माप अर्थहीन ठरतं. कुजलेल्या सिलवर नुसता नवा पत्रा ठोकून रंग मारलेल्या गाड्या भरपूर असतात. म्हणून लोहचुंबक, टॉर्च आणि बोथट टोच्या सोबत न्या.

मागच्या पाट्यांचे टेकू, सीटच्या मागच्या बॅटरीच्या पेट्या, पुढच्या मडगार्डच्या आतला चिखल साचणारा कोपरा आणि पायांखालची जमीन हेही टोचून पाहा. इंजिन बंद पडलेलं चालेल, गिअरबॉक्स खरखरत असेल तरी चालेल. पत्रा मात्र शक्य तितका चांगला मिळवा. अगदीच गेलेला असेल तर ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून एमजीबीची पूर्ण नवी बॉडी बनवते. तो खर्च मोठा असला तरी शंभर तुकडे जोडण्यापेक्षा कधी कधी तोच शहाणपणाचा ठरतो.

खोलताना

बहुतेक बोल्ट यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे आहेत आणि त्यांना इंची एएफ पाने लागतात: ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४. मिलिमीटरचे पाने बसल्यासारखे वाटतात, पण नटाचे कोपरे गोल करतात. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, नाव लिहून ठेवा. खोलण्याआधी फोटो काढा, विशेषतः तारा आणि ब्रेकच्या नळ्यांच्या वाटांचे.

सिल बदलणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सिल एका पत्र्याचं नसतं. आत इनर सिल, खाली कॅसल सेक्शन, मध्ये उभा पडदा आणि बाहेर दिसणारं आउटर सिल, असे थर जुळून पेटीसारखा आकार होतो. बाहेरचा पत्रा बदलून मधला पडदा कुजका ठेवला, तर पेटी पोकळच राहते.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आधार द्या. २५ मिमीची चौकोनी नळी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, तिथल्याच बोल्टच्या भोकांना पकडून लावा, आणि दोन्ही बाजूंचे खांब आडव्या नळीने एकमेकांना बांधा. उघड्या गाडीला छताचा आधार नसल्यामुळे ही पायरी टाळली, तर गाडी मधोमध वाकते आणि नवं सिल ती वाकलेली स्थिती कायमची पक्की करतं. बॉडी सपाट जमिनीवर, पुढे चॅसी-पट्ट्यांखाली आणि मागे पाट्यांच्या टेकूंखाली स्टँड लावून लेव्हल करा. दाराच्या फटी चारही कोपऱ्यांत मोजून भिंतीवर लिहा. एका वेळी एकच बाजू कापा.

पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, ते काढून ठेवा. मागचं जोडलेलं असतं आणि सिल त्याच्या आत शिरतं, त्यामुळे चाकापुढचा खालचा भाग कापावाच लागतो. नवे थर आधी क्लॅम्पने धरा, दार टांगा आणि फट बघा. पटली तरच टाके मारा. दार पुन्हा तपासा आणि मग पूर्ण वेल्डिंग करा. वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं साधारण ३० मिमी अंतरावर पाडून ती वेल्डने भरायची. लांब शिवण एका दमात ओढलीत तर पत्रा तापून ओढला जातो. इकडे थोडं, तिकडे थोडं, मध्ये थंड होऊ द्या. दोन थरांच्या मध्ये जस्ताचा वेल्डिंग प्रायमर लावा आणि रंगानंतर पेटीत मेण फवारा.

पिंजरा, सीट, कट-ऑफ

पिंजरा रंगाच्या आधी बसवा. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीची नळी ४५ × २.५ मिमी किंवा ५० × २ मिमीची, अखंड ओढलेल्या कार्बन स्टीलची असते. बाकीच्या नळ्या ३८ × २.५ किंवा ४० × २. पाय थेट जमिनीच्या पत्र्यावर टेकवू नका, कारण अपघातात तो पत्रा फाटून नळी खाली जाते. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंमीची पट्टी सिलला आणि जमिनीला जोडून लावा. डोकं जिथे लागू शकतं तिथे मान्यताप्राप्त कडक पॅडिंग लावा, साधा मऊ फोम नको.

सीट, पट्टे आणि हेल्मेट घेताना शिक्का आणि मुदतीची तारीख बघा. चांगले दिसणारे पण मुदत संपलेले पट्टे तपासणीत नापास होतात. खांद्याचे पट्टे पिंजऱ्याच्या आडव्या नळीला बांधा.

मुख्य कट-ऑफ स्विच बाहेरून हात पोचेल असा विंडस्क्रीनच्या पायथ्याशी लावा. तो फक्त बॅटरी तोडून भागत नाही, इंजिनही बंद पडलं पाहिजे. अल्टरनेटर असताना साधा स्विच फिरवला तर इंजिन अल्टरनेटरच्याच विजेवर चालू राहतं. त्यासाठी जादा संपर्क असलेला स्विच लागतो, जो इग्निशनही तोडतो. इंजिन थोडं वर फिरवून ही चाचणी घरीच घ्या.

सस्पेन्शन

एमजीबीच्या पुढच्या बाजूला लिव्हर-आर्म डँपरचे (शॉक ॲब्झॉर्बरचे) दोन हात हेच वरचं विशबोन, म्हणजे चाक वरून धरणारा दुहेरी हात, असतं. म्हणजे डँपरची दांडी झिजली की नुसते धक्के वाढत नाहीत, चाकाचा कल प्रत्येक खड्ड्यात बदलतो. म्हणून डँपर पुनर्बांधणी केलेलेच घ्या, रंगवून चमकवलेले नकोत. मूळ डँपरवर उत्तम शर्यत करता येते. टेलिस्कोपिक (नळीसारख्या) डँपरच्या मागे पहिल्या वर्षी लागायची गरज नाही.

किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या खिळ्याची, झीज अशी ओळखा: स्प्रिंगच्या थाळीखाली जॅक लावून चाक उचला, वर-खाली धरून हलवा. चाळ (ढिलेपणा) जाणवली तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबूनही चाळ राहिली तर किंगपिन गेला, थांबली तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. किंगपिनला ग्रीस देताना चाक जमिनीवर नको. वजन असताना ग्रीस टेकणाऱ्या पृष्ठभागात शिरत नाही.

पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये एक स्पेसर नळी आणि शिम (पातळ चकत्या) असतात. नट टॉर्कने आवळल्यावर ०.०५ ते ०.१ मिमी चाळ उरेल इतके शिम घालायचे. हे मोजमाप किचकट वाटतं म्हणून स्पेसर फेकून देणारे लोक आहेत. तसं मुळीच करू नका. तो स्पेसर स्टब ॲक्सलला, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आखूड दांडीला, ताठ ठेवतो. तो नसेल तर रुंद टायरच्या जोरावर स्टब ॲक्सल मुळाशी वाकत राहतो आणि एक दिवस तुटतो.

खालच्या विशबोनला व्ही८ धाटणीचे बुश बसवा. मूळ गाडीचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंचित बाहेर झुकलेला असतो. शर्यतीसाठी एक ते दीड अंश आत हवा, तो वरच्या ट्रनियनच्या ऑफसेट बुशने किंवा लांब खालच्या हातांनी मिळतो. पुढची चाकं समांतर ठेवा. मागे ठोकळे घालून २५ मिमी उतरवलंत तर यू-बोल्ट पहिल्या सत्रानंतर पुन्हा आवळा आणि बंप स्टॉपला पुरेशी जागा आहे का बघा.

तारांची चाकं दिसायला देखणी आहेत, पण हबचे दाते झिजलेले असतील तर शर्यतीला नकोत. ठेवलीत तर लक्षात असू द्या: डाव्या बाजूच्या नटांना उजवे आटे आणि उजव्या बाजूच्यांना डावे. हब अदलाबदल झाले तर गाडी चालताना नट स्वतःहून सुटतात.

ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी हलक्या एमजीबीला पुरते. कॅलिपर खोला, गंजलेले पिस्टन बदला, सगळी रबरी सीलं नवी घाला. नळ्या कुप्रो-निकेलच्या, होज जाळीच्या. शर्यतीचे पॅड लावा आणि नव्या पॅडला आधी सावकाश तापवून बसवून घ्या. नाहीतर वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो. डिस्कमागचे पत्र्याचे पडदे काढून हवेची नळी जोडली की खूप फरक पडतो.

फ्लुइडच्या बाबतीत हौशी लोक सर्वाधिक चुकतात. साध्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरतो. जुनं फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला लागतं. शर्यतीचं उच्च उत्कलनबिंदूचं फ्लुइड वापरा आणि मोसमात किमान दोनदा बदला. सिलिकॉनचं डॉट ५ रंग खराब करत नाही म्हणून प्रदर्शनाच्या गाड्यांत घालतात, पण तापल्यावर ते दाबलं जातं आणि पेडल स्पंजासारखं होतं.

इंजिन

शक्य असेल तर पाच बेअरिंगचा क्रँक घ्या. तो १९६४ च्या शेवटी आला. आधीचा तीन बेअरिंगचा क्रँक ६००० आरपीएमच्या वर जास्त वेळ सहन करत नाही.

ब्लॉक पूर्ण खोलून तेलाच्या वाटांतले प्लग काढून धुवा. ग्राइंडिंगचा बारीक भुगा नेमका तिथे दडतो. क्रँकची भेग-तपासणी यंत्रशाळेत करून घ्या. सिलिंडर झिजले असतील तर बोअर वाढवा: मूळ व्यास ८०.२६ मिमी, त्यात ०.०३० इंच वाढवलं की १८३३ सीसी होतात, ०.०६० ला १८६८. क्रँक, रॉड, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स करा. यावर घालवलेला पैसा कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) घालवलेल्या पैशापेक्षा मोलाचा आहे.

क्रँकची लांबीच्या दिशेची चाळ ०.१० ते ०.१३ मिमी ठेवा. रिंगची फट प्रत्येक सिलिंडरमध्ये मोजा: रिंग आत घालून उलट्या पिस्टनने सरळ ढकला आणि फीलर गेज घाला. बोअरच्या दर इंचाला ०.००४ इंच या हिशोबाने सुमारे ०.३२ मिमी. कमी फट ठेवली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरवर चरे पडतात. मूळ बोल्टसाठी टॉर्क असे: मेन बेअरिंग ९५ न्यूटन-मीटर, बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) ४७ ते ५४, हेड ६१ ते ६८. वेगळ्या कंपनीचे ताकदीचे बोल्ट घातले तर त्यांनी दिलेला आकडाच पाळा.

बी-सिरीजचं हेड मधल्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ तडकतं. ते दोघे एकाच पोर्टमध्ये उष्णता ओततात, म्हणून तिथे सर्वांत जास्त ताप असतो. हेड दाब देऊन तपासल्याशिवाय त्यावर एक पौंडही खर्च करू नका. अनलेडेड पेट्रोलसाठी कडक एक्झॉस्ट सीट बसवा. व्हॉल्व्हची फट थंड असताना ०.३८ मिमी, कॅम बदलला तर त्याच्या कागदावर असेल ती. क्रम सोपा आहे: जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक नवातून वजा करा, उरेल त्याची फट लावा. आठवा उघडा तर पहिला, पाचवा उघडा तर चौथा.

लांब वळणात तेल सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला सरकतं आणि पंपाला हवा लागते. तेवढ्या एका सेकंदात बिग एंड जातं. म्हणून सम्पमध्ये आडव्या पट्ट्या बसवाच, सोबत ऑइल कूलर आणि डोळ्यासमोर पेटणारा मोठा दाबाचा दिवा. तापलेल्या इंजिनात धावताना ५० ते ८० पीएसआय दाब असावा.

कार्ब्युरेटर मूळचे, एसयू कंपनीचे दोन ठेवा. मिश्रण तपासायला कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन मरू लागलं तर कमी; किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. पण त्याआधी व्हॉल्व्हची फट आणि इग्निशन लावून झालेलं असावं, नाहीतर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते.

रेडिएटरमध्ये अँटिफ्रीझऐवजी पाणी आणि गंजरोधक घाला. अँटिफ्रीझमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागचे सगळे घसरतात. हिवाळ्यात ते पाणी काढून ठेवायला विसरू नका. इंजिनाचा श्वास सोडणारी नळी किमान दोन लिटरच्या कॅच टँकमध्ये जावी.

तारा सगळ्या नव्या घाला. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावण्याआधी हे उलटवा. जुन्या ल्युकासच्या ३५ अँपियर फ्यूजवरचा आकडा वितळण्याचा असतो, तो सतत फक्त १७ अँपियर वाहतो. तिथे आजचा ३५ चा फ्यूज घातला तर फ्यूज शाबूत राहील आणि तारा जळतील.

पहिली किक

नव्या कॅमची पहिली वीस मिनिटं त्याचं आयुष्य ठरवतात. कॅमचे उंचवटे आणि त्यांवर टेकणारे टॅपेट कोरडे घासले की वरचा कडक थर निघतो आणि हजार मैलांत कॅम गोल होतो. जुळवताना प्रत्येक उंचवट्यावर घट्ट असेंब्ली पेस्ट लावा आणि जस्तयुक्त २०डब्ल्यू-५० तेल भरा. स्पार्क प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा. गेजचा काटा आधी थरथरतो, मग उठतो आणि टिकतो. तो उठला नाही तर पंपात हवा आहे. तेलाची जोडणी सोडून पंप भरा आणि पुन्हा करा. दाब आल्याशिवाय प्लग लावू नका.

फ्लोटच्या वाट्यांत पेट्रोल, रेडिएटर काठोकाठ, टायमिंग अंदाजे लावलेलं, हाताशी अग्निशामक. इंजिन पेटलं की ताबडतोब २००० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं २००० ते २५०० मध्ये खाली-वर ठेवा. आयडलवर सोडू नका. त्या वेगाला टॅपेटवर तेल पुरेसं उडत नाही. गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करा, उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करा. मग तेल आणि फिल्टर बदला, थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळा आणि व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजा. ट्रॅकवर जाण्याआधी डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मिश्रण आणि इग्निशन तपासून घ्या. वरच्या वेगात पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनला भोक पडतं, आणि ते होताना काहीही ऐकू येत नाही.

पहिलं सत्र

पहिल्यांदा शर्यतीला नको, चाचणीच्या दिवशी जा. तीन फेऱ्या सावकाश मारून पिटमध्ये या आणि बॉनेट उघडा: तेलाचे थेंब, सैल होज, टायर कुठे घासला का हे पाहा. चाकांचे नट टॉर्कने तपासा. मग दहा फेऱ्या मारा, पण ५५०० च्या आत. परत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले ड्रम चिकटतात. चारही टायरचा दाब लगेच मोजून लिहा आणि डिस्कचा रंग बघा. एक निळी आणि दुसरी स्वच्छ असेल, तर स्वच्छ बाजूचा कॅलिपर पिस्टन अडकला आहे.

संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी यू-बोल्ट, पुढच्या क्रॉसमेंबरचे चार बोल्ट, डँपरचे बोल्ट आणि स्टिअरिंगचे सांधे पुन्हा आवळा. प्रत्येक आवळलेल्या नटावर रंगाची रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कुठे बघायचं ते कळेल.